जिन्मेन्जू : माणसाच्या डोक्यांची फळे धरणारे झाड

प्रश्न : जपानी लोककथांतील जिन्मेन्जू या झाडाला माणसाच्या डोक्यासारखी फळे येतात, काही विचारले की ती नुसती हसतात आणि फार हसली की गळून पडतात, असे वाचले. ही कल्पना मूळची जपानचीच आहे काय? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ : नाही. तोरियामा सेकिएन या चित्रकाराने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आपल्या भुताखेतांच्या चित्रसंग्रहात हे झाड रेखाटले, म्हणून ते जपानी समजले जाते. परंतु त्याआधी १७१२च्या जपानी सचित्र ज्ञानकोशात आणि त्याहीपूर्वी १६०९च्या चिनी ज्ञानकोशात त्याची नोंद आहे, आणि ते ‘दाशी’ देशात, म्हणजे अरबांच्या मुलखात, वाढते असे मानले जाई.

प्रतिसाद २ : हा धागा अरबी-फारसी परंपरेतील वाकवाक वृक्षाशी, म्हणजे माणसांची वा प्राण्यांची डोकी धरणाऱ्या बोलक्या झाडाशी, जुळतो, असे माझे मत आहे. ‘शाहनामा’ या फारसी महाकाव्यात सिकंदराला दोन खोडांचे बोलणारे झाड भेटते, त्याचे नर खोड दिवसा बोलते, मादी खोड रात्री, आणि दोन्ही त्याला मृत्यू जवळ आल्याचे सांगतात. तिथे झाडाला सर्व ठाऊक असते, तर जिन्मेन्जूच्या फळांना आपली भाषाच कळत नाही. मला हे न समजता हसणे भविष्यवाणीपेक्षा अधिक भयावह वाटते.

प्रश्नकर्ता : मनःपूर्वक आभार. आपल्याकडील चित्रांत वाकवाक कुठे आढळतो काय?

प्रतिसाद २ : होय, गोवळकोंड्याच्या चित्रकलेत आढळतो. तिथे फांद्यांच्या टोकांना पानाफुलांबरोबर प्राण्यांची डोकी फुटलेली दिसतात.