उंची वाढली की बर्फ वाढतोच का?

भटक्या
हवामानाच्या ॲपवर उद्यासाठी शून्य अंशाची पातळी (जिच्या वर हवा शून्याखाली असते ती उंची) २८०० मीटर दाखवतंय. आमचा तळ २६०० मीटरवर. म्हणजे पाऊसच ना? आणखी एक शंका: उंचावर बर्फ जास्त असं सगळेच म्हणतात. मग ३५०० मीटरवरच्या लेहपेक्षा २६५० मीटरवरच्या गुलमर्गला जास्त बर्फ कसा?

वाराढग
पाऊसच, असं धरून बसू नका. शून्याच्या रेषेखाली आलेला हिमकण लगेच विरघळत नाही. वितळेपर्यंत तो दोन-तीनशे मीटर खाली येतो आणि तुमचा तळ नेमका त्याच पट्ट्यात आहे. त्यात सरी जोराच्या असल्या तर वितळणारा बर्फ हवेतली उष्णता खेचून घेतो, हवा अजून गार होते आणि रेषा खाली सरकते. अरुंद दरीत हे जास्त जाणवतं, कारण गार हवेला तिथून हलायला वाव नसतो. तंबूवर ओला, जड बर्फ साचेल. रात्री उठून आतून थोपटून पाडत राहा, नाहीतर काठ्या वाकतात.

आता लेह. उंची दोन वेगळी कामं करते आणि लोक एकच लक्षात ठेवतात. पहिलं, गारवा: दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश. याने पावसाचा बर्फ होतो, बस. दुसरं, वाऱ्याला वर ढकलणं. डोंगर आडवा आला की हवा चढते, प्रसरण पावते, थंड होते आणि बाष्पाचे ढग बनतात. मुळात काही पडायचं तर ओली हवा हवी. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारी ओल पीर पंजाल आणि मुख्य हिमालयावर सांडून जाते. गुलमर्ग पीर पंजालवरच आहे, लेह पार पल्याड. तिथे पाऊस-बर्फ मिळून वर्षाला सुमारे १०० मिलिमीटर पाणी. नुसत्या थंडीने काय होणार?

कुतूहल
मग ओल्या बाजूच्या डोंगरावर तरी सगळ्यात जास्त बर्फ माथ्यावर?

वाराढग
तसंही नाही. हवा दहा अंशांनी गार झाली की तिच्यात मावणारं बाष्प जवळजवळ निम्मं होतं, म्हणजे फार वर गेलं की पाडायला माल कमी. शिवाय माथ्यावरचा बर्फ वारा उडवून नेतो. अमेरिकेतल्या रेनियर पर्वताची उंची ४३९२ मीटर, पण १९७१-७२च्या हंगामात साडेअठ्ठावीस मीटर बर्फ मोजला गेला तो पॅरडाइज इथे, जेमतेम १६५० मीटरवर. दक्षिण ध्रुव २८०० मीटरच्या वर आहे, तिथे वर्षाला वीत-दीड वीत साचतो. उलट जपानचं आओमोरी समुद्राला लागून, तरी दर हिवाळ्यात कित्येक मीटर! सैबेरियाचा गार वारा उबदार समुद्रावरून ओल उचलून तिथे आणतो.

भटक्या
बरं, मग आज रात्री ॲपमध्ये बघू तरी काय?

वाराढग
आधी ॲपने तुमच्या जागेची उंची किती धरली आहे ते बघा. बहुतेक ॲप कित्येक किलोमीटरच्या चौकोनाची सरासरी उंची घेतात; दरीतला तळ त्यात चारशे मीटर वर गेलेला असू शकतो. तसं असेल तर ॲपचं तापमान उंचीतल्या फरकाच्या हिशेबाने, म्हणजे चारशे मीटरला सुमारे अडीच अंश, वाढवून वाचा. शून्याच्या पातळीचा आकडा मात्र समुद्रसपाटीपासूनचा असतो, तो तसाच ठेवा. मग सरींचा जोर पाहा, आणि तंबूचे ताण संध्याकाळीच आवळून घ्या.