प्रतिसाद: ठेच लागल्यावरच्या दोन कळा

'मज्जातंतू म्हणजे विजेच्या ताराच, निरोप क्षणात मेंदूत' असं वर म्हटलंय. विजेचं ठीक, पण 'क्षणात' पटत नाही. तंतूच्या आवरणातली दारं उघडून सोडियमचे आयन (विद्युतभार असलेले कण) आत घुसतात, मग पोटॅशियमचे बाहेर पडतात, आणि हाच खटाटोप पुढच्या तुकड्यात, मग त्याच्या पुढच्या. वेळ लागणारच. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५०च्या सुमारास बेडकाच्या मज्जातंतूत निरोपाचा हा वेग मोजला, तो सेकंदाला साधारण २७ मीटर निघाला. (त्याचे गुरू म्युलर यांना हे मोजणं अशक्यच वाटत होतं!)

शिवाय सगळे तंतू एका वेगाचे नसतात. पायाच्या अंगठ्याला ठेच लागली की आधी एक टोकदार कळ येते आणि जरा थांबून ती खोल ठसठस सुरू होते. पहिली कळ मायलिनचं (निरोपाचा वेग वाढवणाऱ्या चरबीयुक्त थराचं) पातळ वेष्टण असलेल्या तंतूंमधून येते. दुसरी येते बिनवेष्टणाच्या बारीक तंतूंमधून, सेकंदाला जेमतेम मीटरभर. अंगठा चोळला की बरं वाटतं, कारण स्पर्शाचे जाड, वेगवान तंतू मज्जारज्जूतच वेदनेचा निरोप थोडा दाबतात.