मदत हवी आहे: सिग्नलला स्पोर्ट बाईकची आच सहन होत नाही, एक्झॉस्टला रॅप करावं का?

गिअर_पाचवा

नमस्कार मंडळी,

चार सिलिंडरची, साडेसहाशे सीसीची, पूर्ण फेअरिंगवाली (बाहेरून प्लॅस्टिकचं आवरण असलेली) स्पोर्ट बाईक वापरतो. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की धागा 'ही कंपनी बरी की ती' यावर घसरतो आणि माझी मांडी भाजायची तशी भाजत राहते. बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा नियम) आहे, सायलेन्सरपासून मॅपिंगपर्यंत (इंजिनला पेट्रोल किती द्यायचं त्याची सेटिंग) सगळं कंपनीचंच.

ताम्हिणीत किंवा जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर काही म्हणजे काही त्रास नाही. पण सकाळी हिंजवडीला जाताना वाकडच्या गर्दीत अडकलो की उजवी पोटरी आणि मांडीची आतली बाजू अक्षरशः शेकून निघते. मीटरवर १०० च्या पुढे आकडा गेला की फॅन लागतो, आणि फॅन लागल्यावर आराम पडायच्या ऐवजी आणखीच झळ येते. टाकीखालच्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमला हात लावून ठेवता येत नाही. हिवाळ्यात एवढं नव्हतं, पण आता एप्रिल आहे आणि पुण्यात पारा चाळिशीला टेकलाय.

सर्व्हिस सेंटरला दाखवलं. कुलंटची पातळी बघितली, "सर, या इंजिनला एवढी हीट नॉर्मल आहे" म्हणाले आणि बिल हातात दिलं.

नेटवर जो तो बेंड पाइपला (इंजिनमधून धूर बाहेर नेणारा पहिला पाइप) टायटॅनियमचा रॅप, म्हणजे उष्णता अडवणारी पट्टी, गुंडाळा म्हणतोय. कुणी सिरॅमिक कोटिंग सुचवतं, कुणी कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढून फुल सिस्टम, म्हणजे बाहेरचा अख्खा एक्झॉस्ट, टाका म्हणतं. खर्च करायला हरकत नाही, पण उगाच पैसे घालवून वॉरंटीवर पाणी सोडायचं नाहीये. जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

तर्रीबाज

डिसेंबरात पहाटे महाबळेश्वरला जा, मग याच गाडीला ओवाळाल. :)
बाकी +१, मलाही उत्तर हवंय. वाचतोय.

तेलकट_हात

रॅपचं नंतर बघू. आच नेमकी कुठून येतेय हे आधी शोधा, कारण आपण सरसकट 'एक्झॉस्टची हीट' म्हणतो त्यात तीन वेगवेगळ्या भानगडी असतात आणि तिघींचे इलाज वेगळे आहेत.

पेट्रोल जाळून जी ऊर्जा मिळते, तिच्यातली ढोबळमानाने एक तृतीयांश चाकाला जाते, तेवढीच सायलेन्सरमधून बाहेर पडते आणि उरलेली कुलंट आणि इंजिनच्या अंगातून निघते. सिग्नलला उभं असताना चाकाला काहीच जात नाही, म्हणजे जळेल तेवढं सगळं उष्णताच. त्यात समोरून वारा नाही. बीएस-६ मध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इंजिनच्या अगदी पोटाखाली आणून बसवतात, कारण २५०-३०० अंशांच्या आसपास तापल्याशिवाय तो कामच करत नाही आणि जितका इंजिनजवळ तितका लवकर तापतो. म्हणजे तुमच्या पायाशी एक छोटी भट्टी कायद्यानेच ठेवलेली आहे. ती विझवायची नाहीये, तिची झळ फक्त अंगावर येऊ द्यायची नाहीये.

आता ओळखायचं कसं? गार गाडी स्टँडवर लावून चालू करा आणि नेहमी बसता तसे बसा. फॅन लागायच्या आधी पोटरीला चटका जाणवला तर तो बेंड पाइप आणि कॅटचा. फॅन लागल्याबरोबर मांडीवर गरम वारा आला तर ती रेडिएटरची हवा, तिचा एक्झॉस्टशी संबंध नाही आणि बेंड पाइपला सोन्याचा रॅप केलात तरी ती थांबणार नाही. आणि गाडी बंद केल्यावरही बराच वेळ मांडीला लागत राहिलं तर ती फ्रेममधून येणारी. ॲल्युमिनियम उष्णता फार पटकन वाहून नेतं, लोखंडापेक्षा किती तरी जास्त.

तुम्ही लिहिलंय 'फॅन लागल्यावर आणखीच'. माझा संशय यातल्या दुसऱ्या भानगडीवर, रेडिएटरच्या हवेवर आहे.

पाना_बारातेरा

आमचं गॅरेज आहे म्हणून रॅपबद्दल चार शब्द.

रॅप वाईट नाही, पण लोक तो चुकीच्या गाडीला आणि चुकीच्या ठिकाणी लावतात. साध्या लोखंडी बेंड पाइपवर लावलात तर पावसाळ्यात तो पाणी धरून ठेवतो आणि आतून पाइप गंजतो. वरून काहीच दिसत नाही. एक गिऱ्हाईक कोकणातून आलं होतं, रॅप सोडला तर पाइपचे पापुद्रे हातात आले. स्टेनलेसच्या पाइपला तितकी भीती नाही. कॅटवर मात्र कधीच गुंडाळायचा नाही, तो आधीच तापलेला असतो, त्याला आणखी गोधडी पांघरायची गरज नाही. लॅम्ब्डा सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) आणि त्याची वायरही मोकळी ठेवायची.

लावायचाच असेल तर सायलेन्सरच्या बाजूने सुरू करून इंजिनकडे यायचं, म्हणजे पुढून येणारा वारा-पाणी घड्या उचकटत नाही. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर पाव इंचभर चढवायचा, शेवट स्टेनलेसच्या पट्टीने आवळायचा. प्लॅस्टिकचा झिप टाय लावणारेही बघितलेत. पहिल्यांदा गाडी गरम झाली की धूर येतो, घाबरू नका. फायबरग्लासचा असेल तर पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घाला, नाहीतर रात्रभर खाजवत बसाल.

आणि चार सिलिंडरच्या गाडीला हे काम करायला रेडिएटर सरकवून चारही पाइप उतरवावे लागतात. हेडचे स्टड (पाइप इंजिनला आवळणारे बोल्ट) जुने असले तर तुटतात. पाइप उतरवला की फ्लँजची (इंजिनशी जुळणाऱ्या टोकाची) पॅकिंग नवीच टाकायची, जुनी परत बसवली की तिथून लीक होतं, टकटक आवाज येतो आणि सेन्सर चुकीचं वाचतो. एवढं सगळं पोटरीच्या चटक्यासाठी करायचं का, तुम्ही ठरवा. सिरॅमिक कोटिंग जास्त टिकतं आणि पाणीही धरत नाही, पण पाइप उतरवणं त्यातही आलंच, शिवाय खर्च रॅपच्या कितीतरी पट.

नागपुरी_संत्रं

एवढा विचार कशाला? कॅट उडवा, फुल सिस्टम लावा, थोडं रिच (पेट्रोल जरा जास्त) मॅपिंग मारा. मी केलंय, आमच्या ४५ अंशात फरक कळतो. वर आवाज बोनस.

तेलकट_हात

@नागपुरी_संत्रं, फरक कळतो हे खरं, नाकारत नाही. मिश्रण थोडं रिच केलं की धुराचं तापमान उतरतं हेही बरोबर. पण गाडीत असा फेरफार केला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ए खाली प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, आणि आवाज-प्रदूषणाच्या कलम १९०(२) मध्ये १०,००० पर्यंत दंड वेगळा. वर धागाकर्त्याला वॉरंटी सांभाळायचीय. शिवाय पुण्यात पोलीस असले सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोलर फिरवतात, तो बोनस आवाज त्यांनाही ऐकू जातो.

कोथरूडची_कल्पना

माझ्याकडे तीनशे सीसीची ट्विन (दोन सिलिंडरची) आहे, त्रास याच जातीचा होता, प्रमाण कमी. दोन गोष्टींनी फरक पडला. रेडिएटरच्या फिन्समध्ये (पातळ पत्र्यांमध्ये) वाळलेला चिखल आणि किडे अडकले होते, ते आतल्या बाजूने हलक्या पाण्याने धुतले. प्रेशर वॉशर लांबच ठेवा, फिन्स वाकतात. आणि मी हौसेने बसवलेली बारीक जाळी काढली, तिने हवा अडत होती.

ट्रॅक पँट घालून ही गाडी चालवत असाल तर तेही बंद करा. पातळ सिंथेटिक कापड तापतं आणि सरळ कातडीला चिकटतं. रायडिंग पँट आणि घोट्याच्या वर जाणारे बूट घातले की एप्रिलमध्ये गरम होतं हे मान्य, पण ते घामाचं गरम, चटक्याचं नाही.

गिअर_पाचवा

सगळ्यांचे आभार. तेलकट_हात यांनी सांगितलं तसं गार गाडी स्टँडवर लावून बसलो. फॅन लागेपर्यंत पोटरीला कोमट, बस. फॅन लागला आणि उजव्या मांडीवर हेअर ड्रायर धरल्यासारखं. इन्फ्रारेड गन एका मित्राकडून आणली होती, पण ती बेंड पाइपवर ९० अंश दाखवते. पाण्याचा थेंब टाकला तर चर्र करून उडतो आणि गन म्हणते ९०. गन खराब का?

तेलकट_हात

गन बरोबर आहे, पाइप चकचकीत आहे. चमकदार धातू स्वतःची उष्णता फार कमी बाहेर फेकतो, त्यामुळे गन खरं तापमान बघतच नाही. गार असताना पाइपवर हीटप्रूफ काळ्या रंगाचा एक ठिपका मारा आणि तिथे मोजा. फ्रेमवर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून मोजलं तरी चालेल, पाइपवर टेप जळेल.

पण आता मोजायची गरजच नाही, चोर सापडलाय. टाकी उचला आणि रेडिएटरच्या मागे, इंजिनच्या वर बघा. बऱ्याच फेअरिंगवाल्या गाड्यांत तिथे काळ्या रबराचा एक पडदा असतो, दोन्ही बाजूंना कापे असलेला. फॅनने ओढलेली गरम हवा वर, टाकी आणि मांडीकडे न येता बाजूच्या खाचांतून बाहेर जावी म्हणून. एअर फिल्टर किंवा प्लग बदलताना तो काढावा लागतो. परत लावायचा आहे हे सगळ्यांच्याच लक्षात राहतं असं नाही.

गिअर_पाचवा

अहो साहेब, साष्टांग नमस्कार.

टाकी उचलली. पडदा आहे, पण उजवीकडच्या दोन्ही क्लिप गायब आणि पूर्ण उजवी बाजू दुमडून एअरबॉक्सखाली (एअर फिल्टरच्या डब्याखाली) अडकलेली. रबरावर घडीची पांढरी रेघ पडलीय, म्हणजे बरेच दिवस तशीच असणार. शेवटच्या मोठ्या सर्व्हिसला एअर फिल्टर बदलल्याचं बिलात आहे, बाकी काही बोलत नाही. नव्या क्लिप टाकून पडदा जागेवर बसवला. आज वाकडला नेहमीइतकाच अडकलो, फॅनही लागला. गरम वारा आता फेअरिंगच्या खाचेतून गुडघ्याच्या पुढून जातो. उष्णता आहेच, पण माणूस गाडीवर बसू शकतो.

फ्रेम मात्र अजून तापते. तिच्यासाठी ती सोनेरी रिफ्लेक्टिव्ह टेप चालेल का?

पाना_बारातेरा

टेप फ्रेमला चिकटवून फार फायदा नाही, ती किरणं परतवते, धातूला चिकटवली की परतवायला काही उरतच नाही. तीच टेप फेअरिंगच्या आतल्या बाजूला आणि टाकीच्या बुडाला लावा, इंजिनकडे तोंड करून, मध्ये हवेची फट राहील अशी. लावण्याआधी पृष्ठभाग स्पिरिटने पुसा, नाहीतर पहिल्या पावसात सुटून फॅनमध्ये जाईल. टाकीचा ब्रीदर पाइप आणि वायरिंगवरून नेऊ नका. फ्रेमसाठी मांडीच्या जागी बाहेरून रबरी ग्रिप पॅड लावा, ते धातू आणि पँटच्या मध्ये राहतं.

आणि कुलंट दोन वर्षं झाली असतील तर बदलून घ्या. पातळी बघणं वेगळं, बदलणं वेगळं. भरल्यावर एअर काढायला सांगा, समोर उभं राहून.

तर्रीबाज

टाकी उचलली. माझा पडदा जागेवर आहे, पण रेडिएटरमध्ये अर्धा ताम्हिणी घाट सापडला. धुतोय.