सामाईक पेटीतला चाकू: वापरून बघायचा, की तुटेपर्यंत बघायचा?

रानवाट

आमचा पुण्यातला दहा-बारा जणांचा ट्रेकचा गट आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही चाकूंची एक सामाईक पेटी सुरू केली. आपापले चाकू त्यात ठेवायचे, पेटी महिन्याला एक घर फिरते, आणि ज्याच्याकडे असेल त्याने वापरून वहीत मत लिहायचं. नुसते फोटो बघून चाकू घेण्यापेक्षा तो हातात धरावा, कांदा चिरावा, काठी तासावी, एवढाच हेतू.

गेल्या महिन्यात माझा मोरा कंपॅनियन हा स्वीडिश चाकू परत आला तो टोक गेलेला. तीन-चार मिलिमीटर उडालंय. शिवाय धारेला मध्यावर दोन दाते पडलेत, टोमॅटोची साल तिथे फाटते. वहीत एकच ओळ: 'बाभळीवर बॅटनिंग केलं. नापास.'

बॅटनिंग म्हणजे पातं लाकडावर आडवं ठेवून त्याच्या पाठीवर दांडक्याने ठोकत लाकूड फोडायचं. आता हा चाकू कसा आहे ते बघा. पातं १०४ मिमी लांब, अडीच मिमी जाड. पात्याची शेपटी, म्हणजे टँग, मुठीच्या शेवटापर्यंत जात नाही. स्वीडनच्या मोरा गावची ही परंपरा, तासकामाची. आणि बाभूळ म्हणजे आपल्याकडे नांगराला आणि बैलगाडीच्या चाकाला वापरायचं लाकूड! ठोकायचंच होतं तर त्याच कंपनीचा गार्बर्ग आहे, ३.२ मिमी जाड, फुल टँग, म्हणजे शेपटी मुठीच्या शेवटापर्यंत.

माझं म्हणणं सरळ आहे. दुसऱ्याचा चाकू ज्या कामासाठी बनलाय त्याच कामाला लावावा. तो मोडून दाखवणं ही परीक्षा नव्हे. तुमचं मत सांगा.

बाभूळबन

टोक माझ्याच हातून गेलं, त्यामुळे मीच आधी लिहितो. नवा चाकू देतो हे मी त्याच दिवशी फोन करून सांगितलं होतं आणि आजही त्याला तयार आहे. पण तुमचं मत मला पटत नाही.

मागच्या जुलैत आम्ही चौघं घाटात अडकलो होतो. पाऊस थांबेना, बाहेरचं सगळं सरपण भिजलेलं. कोरडं लाकूड मिळतं ते ओल्या ओंडक्याच्या पोटात, आणि तिथे पोचायला ओंडका फोडावाच लागतो. कुऱ्हाड नव्हती, कमरेला होता तो चाकू. त्या रात्री मी बॅटनिंगनेच चूल पेटवली, आमच्यातल्या एकाला थंडीने हुडहुडी भरली होती. त्या वेळी 'हा तासकामाचा आहे' असं म्हणून चाकू म्यानात ठेवता येत नाही. चाकू कुठे हार मानतो हे मला घरी, गच्चीवर, चहा पिता पिता कळायला हवं.

रानवाट

@बाभूळबन, पैशांचा विषयच नाही दादा, ते मनातून काढून टाका. त्या रात्रीचं तुम्ही सांगता ते मान्य. पण मग वहीतली ओळ बघा. लाकूड किती जाड होतं, गाठीचं होतं का, टोक ठोकताना गेलं की पातं अडकल्यावर पिळताना? यातलं काहीच नाही. पुढच्या माणसाला 'नापास' वाचून काय कळणार?

बाभूळबन

पिळताना गेलं. गाठीत अडकलं होतं. हे लिहायला हवं होतं, चूक माझी. मनगटाएवढं लाकूड होतं, वर्षभर वाळलेलं.

सहाण

मग चाकू नापास कसा? पोलाद कडक असलं की धार टिकते आणि पिळ सोसत नाही, टोकाशी तर पातं सगळ्यात बारीक. पिळून टोक उडालं यावरून फक्त पिळू नये एवढंच कळतं.

माझी तक्रार वेगळीच आहे, आणि ती मला टोक जाण्यापेक्षा मोठी वाटते. पेटीतले चाकू परत देताना लोक धार लावून देतात, तेही चांगल्या मनाने! मोराची धार दोन्ही बाजूंनी एकाच सपाट उतरणीची असते. ती उतरण पूर्ण दगडावर टेकवून घासायची, मग कोन आपोआप मिळतो. पेटीतला माझा चाकू कुणीतरी किचनमधल्या, पातं ओढून धार लावायच्या यंत्रातून काढला. कडेला दुसराच जाड कोन पडला. कागद अजूनही कापतो, पण काठीवरून पातळ कुरळी ढलपी निघायची ती निघत नाही, पातं वर घसरतं. मूळ उतरण परत आणायला तीन संध्याकाळी दगडावर घालवल्या मी. बोथट परत द्या, चालेल. धार मालकच लावेल.

देवराई

दोन्ही बाजूंना एक विचारते. तुमच्या चाचण्या कशावर होतात? हरिश्चंद्रगडाच्या वाटेवर कारवीच्या काठ्या तिरक्या छाटलेल्या मी स्वतः बघितल्यात, ताज्या. तो भाग अभयारण्यात येतो. कारवी सात वर्षांनी एकदा फुलते आणि मग मरते. तुमच्या वहीतल्या एका ओळीसाठी ती आधीच का मरावी? चाचणी घरी करा, वखारीतून लाकूड आणा. हे पेटीच्या झाकणावर लिहिलं पाहिजे.

रानवाट

@देवराई ताई, शंभर टक्के सहमत. आमच्याकडून असं झालेलं नाही, पण झाकणावर नक्की लिहितो.

कमानपाटा

मी चिपळूणचा. तुमच्या पेटीत स्वीडन आहे, फ्रान्स आहे, कोयता कुठाय? आमच्याकडे लोहार ट्रकच्या कमानपाट्याचा कोयता करून देतो. मूठ सैल झाली तर नवी, धार गेली तर पुन्हा भट्टीत घालून पाणी देतो. वडिलांचा कोयता मी आजही वापरतो, पातं झिजून दोन बोटं कमी झालंय. बाभूळ काय, नारळ सोला, बांबू फोडा. लाकूड फोडायच्या कामाला मोरा लावायचा आणि मग तो मोडला म्हणून भांडायचं, हे मला पटत नाही. माझा पेटीत ठेवा. ठोका हवं तेवढं.

बाभूळबन

@कमानपाटा भाऊ, ठेवाच. पण पाठीवर अर्धा-पाऊण किलोचं धूड घेऊन चढायचं का, हाही प्रश्न आहे. आणि कोयत्याने कांदा चिरून दाखवा!

सहाण

शिवाय पोलिसांचंही बघा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्रात धरतात. घरगुती आणि शेतीकामाची हत्यारं त्यातून वगळलीत. पण कोयता गँगच्या बातम्यांनंतर पुण्यात स्कूटरवर कोयता घेऊन फिरताना 'शेतीचा आहे' हे रस्त्यात पटवून देणं सोपं नाही. त्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश असेल तर आणखी अवघड. पेटी कुलूपबंद करून गाडीच्या डिकीतून न्या.

रानवाट

पेटीतल्या ओपिनेल या फ्रेंच घडीच्या चाकूचं उदाहरण देतो, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. ८ नंबरचा, बीच नावाच्या झाडाच्या लाकडी मुठीचा. उन्हाळ्यात तीन जणांनी वहीत त्याला डोक्यावर घेतलं. जुलैत तोरण्यावर भिजल्यावर मूठ फुगली आणि पातं खाचेतून निघेचना, नखं दुखायला लागली. मग एकाने वहीत लिहिलं की मुठीचं बूड दगडावर हलकेच आपटा, पातं थोडं बाहेर येतं, फ्रान्समधले सव्हॉयचे लोक असंच करतात. दुसऱ्याने पावसाळ्याआधी मुठीला जवसाचं तेल पाजायला सांगितलं. काहीही न मोडता त्या चाकूबद्दल आम्हाला हे सगळं कळलं.

बाभूळबन

हे कळलं, कारण तो पावसात नेला. घरात ठेवला असता तर कळलं नसतं. मी तेच म्हणतोय, फक्त थोडं पुढे जाऊन. असं करू: प्रत्येक चाकूबरोबर मालकाने चिठ्ठी ठेवावी, ठोकायला परवानगी आहे की नाही. माझा गार्बर्ग मी ठेवतो, चिठ्ठीवर 'ठोका' असं लिहून.

रानवाट

चालेल. चिठ्ठी मी आधीच ठेवायला हवी होती. टोक गेलेला मोराही पेटीत परत ठेवतो, सहाण यांनी त्याचं टोक दगडावर नव्याने काढून द्यावं अशी विनंती. त्या चाकूच्या चिठ्ठीवर मात्र 'ठोकू नये' असंच असेल.

सहाण

रविवारी आणून द्या. पातं पाच-सहा मिमी आखूड होईल, आणि ते दोन दाते पूर्ण जायला वेळ लागेल.