'जबानी टप्पा' म्हणावं का?

करारशास्त्रावरचं, म्हणजे करार कसे आखावेत या अर्थशास्त्राच्या शाखेवरचं एक टिपण मराठीत लिहितोय आणि एका शब्दाशी अडलोय. काम दोन टप्प्यांचं असतं, पण पहिला टप्पा पार पडला की नाही हे फक्त करणाऱ्यालाच कळतं. तो सांगेल ते धरून चालायचं. अशा टप्प्याला काय म्हणावं? 'प्रगती अहवाल' लिहून पाहिलं, तर कोणीतरी तपासून सही केल्यासारखं वाटतं. इथे तपासणीच नाही.

आपल्याकडे रोजंदारी आहे, उक्तं आहे, तेलुगू-कन्नडकडून आलेला गुत्ता आहे, उचल आहे. हप्ता तर फारसीतल्या 'सात'वरून आलेला, म्हणजे मुळात आठवडा. पैसे कसे द्यायचे ते हे शब्द सांगतात. झालेलं काम कोणाला दिसतं, ते एकही सांगत नाही.

हा फरक मला संत्र्याच्या कलमांनी शिकवला. एका रोपवाटिकेला ५०० कलमांची उचल दिली होती. जंबेरी या लिंबाच्या जातीच्या रोपावर, म्हणजे खुंटावर, आमच्याच झाडाचे डोळे (फांदीवरचे कोंब) पट्टीने बांधायचे. पट्टीखाली डोळा हिरवा राहिला तर धरला, तपकिरी पडला तर गेला. फोन आला, "भाऊ, डोये धरले." मी पुढची उचल दिली. पावसाळ्यात जाऊन पाहतो तर निम्म्या खुंटांवर वाळकी खपली. खोटं बोलायला त्याला काहीच मोजावं लागलं नव्हतं, आणि तसा करार मीच केला होता. म्हणून 'जबानी टप्पा' सुचतो.

वणीहून : 'जबानी'ला पोलीस ठाण्याचा वास येतो. कोरीव, ऐकीव यांच्या साच्यातला 'सांगीव टप्पा' घ्या. ऐकीव हे ऐकणाऱ्याकडून, सांगीव हे सांगणाऱ्याकडून. पण खोटं सांगणं महाग कसं करायचं?

मूळ प्रश्नकर्ता : 'सांगीव' फारच चपखल, घेतला. तुमच्या प्रश्नाचं उत्तर ब्रेट ग्रीन आणि कर्टिस टेलर या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ साली मांडलं. एका तारखेपर्यंत पैसा बिनशर्त चालू ठेवायचा; तिला मी 'सैल मुदत' म्हणतोय. त्या तारखेला 'पहिला टप्पा झाला' असं सांगितलं, की उरलेलं काम संपवायला थोडक्या दिवसांची 'पक्की मुदत' लागते. डोळे न धरताच धरले म्हणणारा तिच्यातच सापडतो, कारण एवढ्या दिवसांत कलमं आणणार कुठून? नाही सांगितलं, तरी काम लगेच काढून घेत नाहीत. पण तिथून पुढे, टप्पा झाल्याचं तो सांगेपर्यंत, ते कुठल्याही दिवशी बंद होऊ शकतं; कधी, हे नशिबावर. या काळाला 'परिवीक्षा' लिहिलंय, पण तो शब्द नोकरीच्या आदेशातला वाटतो.

दर्यापूरहून : आमच्याकडे त्याला जीव टांगणीला लागणं म्हणतात. 'टांगणीचा काळ' लिहा.

मूळ प्रश्नकर्ता : लिहिलं. परिवीक्षा खोडली.