आर-मर्ज 230 टक्के आलाय, डेटा 2.3 अँगस्ट्रॉमला कापू का?

प्रश्न
नमस्कार. पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे. इंदूरला इंडस-2 या सिंक्रोट्रॉनवर एका एन्झाइमच्या स्फटिकाचा क्ष-किरण डेटा घेतला आणि एक्सडीएस या सॉफ्टवेअरमध्ये 2.0 अँगस्ट्रॉमपर्यंत प्रोसेस केला (आकडा लहान तितका तपशील बारीक). शेवटच्या शेलमध्ये, म्हणजे सर्वांत बारीक तपशिलाच्या पट्ट्यात, आय-बाय-सिग्मा (तीव्रता भागिले तिच्यातली त्रुटी) 0.9, सीसी-हाफ (डेटाच्या दोन अर्ध्या भागांचा मेळ) 0.42, आर-मर्ज (एकाच परावर्तनाच्या मोजमापांतली तफावत) 230 टक्के. माझे गाइड सर म्हणतात, आय-बाय-सिग्मा 2 च्या खाली गेलं की कापायचं, म्हणजे 2.3 ला. दोन्ही करून पाहिलं: 2.3 ला आर-फ्री (मॉडेल आणि बाजूला ठेवलेला डेटा यांतली तफावत, कमी तितकी चांगली) 24.1, 2.0 ला 25.6. आकड्यांवरून सरांचंच बरोबर दिसतंय. पण हा एक स्फटिक मिळायला सात महिने गेलेत, त्याचा डेटा टाकवत नाही.

प्रतिसाद 1
आमच्याकडेही 2 चाच नियम होता. पेपरच्या तक्त्यात 230 टक्के दिसलं की परीक्षक विचारणारच. 2.3 ला थांबा.

प्रतिसाद 2
एवढ्यात कापू नका. 24.1 आणि 25.6 ची तुलनाच होत नाही, कारण दोन्ही आकडे वेगवेगळ्या परावर्तनांवर (स्फटिकातून येणाऱ्या क्ष-किरणांच्या ठिपक्यांवर) काढलेत. कमकुवत परावर्तनं आत आली की आर वाढतो. त्यावरून मॉडेल बिघडलं असं ठरत नाही. 2.0 ला रिफाइन केलेलं (डेटाशी जुळवत सुधारलेलं) मॉडेल घ्या आणि त्याचा आर-फ्री फक्त 2.3 पर्यंतच्या परावर्तनांवर काढा. तो 24.1 पेक्षा उतरला, तर वरच्या शेलमध्ये खरी माहिती आहे. टप्प्याटप्प्याने जा: 2.2, 2.1, 2.0. आर-फ्रीसाठी बाजूला ठेवलेली परावर्तनं सगळीकडे तीच हवीत, नाहीतर सगळी मेहनत वाया.

आर-मर्जचा धाक सोडा. त्याच्या छेदात तीव्रता असते. ती शून्याकडे गेली की आकडा कितीही फुगतो. शिवाय तेच परावर्तन जास्त वेळा मोजलं की सरासरी सुधारते, पण आर-मर्ज वाढतो! कार्प्लस आणि डिडरिक्स यांनी 2012 मध्ये सीसी-हाफ पुढे आणला तो यासाठीच. तुमच्या 0.42 वरून सीसी-स्टार, म्हणजे डेटाचा खऱ्या सिग्नलशी असलेल्या मेळाचा अंदाज, साधारण 0.77 येतो. त्या शेलमध्ये मॉडेलचा सीसी-वर्क (रिफाइनमेंटला वापरलेल्या डेटाशी मेळ) याच्या वर गेला, तर तुम्ही गोंगाटाला मॉडेल बसवताय असं समजा.

2.3 ऐवजी 2.0 पर्यंत गेलं की जवळपास दीडपट परावर्तनं मिळतात. एवढं न तपासता फेकू नये. आणि 2.25 च्या आसपास स्फटिकावर साचलेल्या बर्फाची रिंग येते, तिथला शेल नीट बघा.

प्रश्नकर्ती
केलं, सर. सगळे आर-फ्री 2.3 पर्यंतच्याच परावर्तनांवर: 24.1, मग 2.2 ला 23.8, 2.1 ला 23.5, आणि 2.0 ला परत 23.6. एन्झाइमच्या सक्रिय जागेतल्या हिस्टिडीन या अमिनो आम्लाची कडी आता स्पष्ट दिसतेय, मी ती उलटी बसवली होती. बर्फ नाही.

प्रतिसाद 2
मग 2.1 ला थांबा. शेवटच्या टप्प्याने काहीच दिलं नाही. तक्त्यात सीसी-हाफ लिहा आणि आय-बाय-सिग्मा कुठे 2 च्या खाली जातं तेही लिहा, म्हणजे परीक्षकांना शोधावं लागणार नाही. सरांना चारही आकडे एका कागदावर दाखवा. आणि 2.0 पर्यंतचा मर्ज न केलेला (सरासरी न काढलेला) डेटा पुसू नका.