मदत हवी आहे: प्लेअर अमेरिकन डिस्क घेत नाही, आणि ओझूनंतर कोण? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

आधी प्रश्न, मग पाल्हाळ. भाच्याने अमेरिकेतून आणलेल्या काही ब्लू-रे डिस्क घरात आहेत आणि आमचा प्लेअर त्या घ्यायला तयार नाही. डिस्क आत जाते, थोडा वेळ घरघरते आणि पडद्यावर रीजनबद्दल एक ओळ उमटते. बस. बर्डीतला दुकानदार म्हणाला, "मॅडम, माल डुप्लिकेट असेल." डुप्लिकेट नाही हो, क्रायटेरियन या अभिजात सिनेमे काढणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या आहेत, आत छापील पुस्तिकेसकट. तर नवा प्लेअर घ्यायचा का, घेतला तर काय बघून घ्यायचा आणि पुढच्या डिस्क अमेरिकेतून आणवायच्या की इंग्लंडमधून, हा पहिला प्रश्न. दुसरा, जपानी दिग्दर्शक ओझूनंतर पुढचा दिग्दर्शक कोण. तिसरा सासूबाईंचा आहे, तो शेवटी विचारते.

मी लक्ष्मीनगरची. आमच्या पिढीचं सिनेमाशिक्षण म्हणजे पंचशील, अलंकार, लिबर्टी ही थिएटरं आणि रविवारी दुपारी दूरदर्शनवर लागणारे प्रादेशिक सिनेमे. खाली सबटायटल वाचत वर सिनेमा बघायची सवय तिथलीच. पण जपानी, स्वीडिश वगैरे काही आपण बघू असं कधी वाटलं नव्हतं. एका मैत्रिणीकडे ओझूचा 'लेट स्प्रिंग' (१९४९) पाहिला आणि सगळं बदललं. विधुर प्राध्यापक बाप, त्याला सोडून लग्न करायला तयार नसलेली मुलगी. तिने हो म्हणावं म्हणून बाप 'मीही दुसरं लग्न करतोय' अशी थाप मारतो. विषय इतका आपल्या घरातला की सदाशिव पेठेत किंवा धरमपेठेत उचलून ठेवला तरी चालावा. फरक एवढाच की आपल्याकडे बापाला निदान दोनदा धाय मोकलून रडवलं असतं. इथे तो फक्त सफरचंद सोलतो.

त्यानंतर कळलं की हा माणूस त्याच गोष्टीकडे पुन्हा पुन्हा गेला आहे. 'लेट ऑटम' (१९६०) मध्ये बापाच्या जागी विधवा आई आहे, आणि ती आई कोण? तर अकरा वर्षांपूर्वी मुलगी झालेली सेत्सुको हारा. १९६२ च्या 'ॲन ऑटम आफ्टरनून'मध्ये परत बाप, परत मुलीचं लग्न, परत तोच नट चिशू र्‍यू. हा ओझूचा शेवटचा सिनेमा. पुढच्याच वर्षी, आपल्या साठाव्या वाढदिवशी, तो गेला. 'जगातले शंभर सर्वोत्तम' छापाच्या यादीत तुम्हाला एक 'टोकियो स्टोरी' मिळते. चांगलीच आहे. पण तेवढ्यावरून हा माणूस घोळवून घोळवून काय करत होता ते कळत नाही. म्हणून मी ठरवलंय की यादी नको, एक दिग्दर्शक घ्यायचा आणि त्याचं जेवढं मिळेल तेवढं ओळीने बघायचं. आणि त्यासाठी डिस्कच हवी. ऑनलाइन आज आहे, पुढच्या महिन्यात काढून टाकतात, त्यात 'ओळीने' कसलं होतंय. क्रायटेरियनची ऑनलाइन सेवा तर अमेरिका-कॅनडाबाहेर चालतच नाही.

डिस्कची किंमत मूळ ४० डॉलरच्या आसपास. पण भाचा सांगतो, तिथल्या एका मोठ्या पुस्तकांच्या दुकानसाखळीत वर्षातून दोनदा, जुलै आणि नोव्हेंबरच्या सुमाराला, अर्ध्या किमतीचा सेल लागतो. तेव्हा तो घेऊन ठेवतो आणि कोणी नागपूरला येणार असलं की त्यांच्या बॅगेत कोंबतो. एका पाहुणीने लोणच्याच्या परतीच्या बरणीबरोबर कुरोसावा या दुसऱ्या जपानी दिग्दर्शकाची 'इकिरू' आणली होती. दोन्ही सुखरूप.

आता सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे, नजर ठीक, इंग्रजी वाचता येत नाही. मी सिनेमा लावला की शेजारी येऊन बसतात आणि विचारतात, "काय म्हणतेय ती?" मी सबटायटलं मराठीत सांगत जाते. ओझूला जमतं, वाक्यं छोटी असतात. कुरोसावाला माझी धाप लागते. मराठी सबटायटलं कुठे मिळतात का? की त्यांच्यासाठी वेगळंच काही निवडावं? पौराणिक, भक्तिपर सुचवू नका कृपया, ते त्यांचं पाहून झालंय आणि त्यांना आता जपानी बायकांच्या किमोनोंमध्ये रस आहे.

तर्रीबाज
ताई, नागपूरकर असल्याने पहिला हक्क माझा. दुकानदाराचं मनावर घेऊ नका, त्याला एवढंच माहीत आहे.

भानगड अशी. डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल याचं कुलूप म्हणजे रीजन. डीव्हीडीचे सहा मुख्य रीजन आहेत. अमेरिका १, इंग्लंड-युरोप आणि जपान २, आपण ५. ब्लू-रेचे फक्त तीन: अमेरिका खंड आणि जपान-कोरिया ए, युरोप आणि ऑस्ट्रेलिया बी, भारत आणि चीन सी. म्हणजे आपली गोची दोन्हीकडून. भाच्याची क्रायटेरियन ए, उद्या लंडनहून काही आणलं तर बहुधा बी, आणि घरातला प्लेअर सी. देश बदलून उपयोग नाही, प्लेअरच बदलावा लागेल. 'मल्टी-रीजन' म्हणून विकतात तो घ्या, पण घेताना नीट विचारा: डीव्हीडीला मल्टी-रीजन की ब्लू-रेलाही? रिमोटवरची बटणं दाबून जे उघडतं ते बहुतेक फक्त डीव्हीडीचं असतं. ब्लू-रेसाठी आतलं सर्किट बदललेलं लागतं. बरेच विक्रेते इथेच शब्द गिळतात.

फोरके, म्हणजे ब्लू-रेहूनही बारीक चित्राच्या डिस्कला मात्र रीजनच नसतो. क्रायटेरियनने 'सेव्हन सामुराय' २०२४ मध्ये फोरकेत काढलाय, तो जगात कुठल्याही फोरके प्लेअरवर चालेल. पण त्याच डब्यात सोबत दिलेली साधी ब्लू-रे पुन्हा रीजन ए. हे ध्यानात ठेवून मग ठरवा.

पुणेकर_नाइलाजाने
प्लेअर, मॉडेल, कस्टम, पाहुण्यांच्या बॅगा... एवढा खटाटोप कशासाठी? मुबी ही ऑनलाइन सिनेमासेवा भारतात २०१९ पासून आहे. रशियन दिग्दर्शक तारकोव्हस्कीचे रशियातले सिनेमे मॉसफिल्म या तिथल्या स्टुडिओने स्वतःच यूट्यूबवर फुकट ठेवलेत, इंग्रजी सबटायटलसकट. डिस्क ही आता हौस आहे, गरज नाही.

धागाकर्ती
@पुणेकर_नाइलाजाने, हौसच आहे, नाही कोण म्हणतंय. मुबी माझ्याकडे आहे. पण 'लेट ऑटम' पाहून 'लेट स्प्रिंग'मधला क्योटोच्या खोलीतला तो फुलदाणीचा शॉट परत बघावासा वाटला तेव्हा तो सिनेमा तिथे नव्हता. मी कपाटाकडे जाऊ शकते, एवढाच माझा मुद्दा. मॉसफिल्मचं माहीत नव्हतं, त्याबद्दल मनापासून आभार.

@तर्रीबाज, दादा, फार सोपं करून सांगितलंत. भाचा म्हणतो तिकडे मल्टी-रीजन प्लेअर मिळतो, पाठवू का? तिथला घ्यावा का?

तर्रीबाज
मागच्या बाजूचं लेबल बघायला सांगा. '१००-२४० व्होल्ट' लिहिलं असेल तर डोळे मिटून घ्या. नुसतं ११०-१२० असेल तर आपल्या २३० मध्ये लावताक्षणी धूर. मग वेगळा ट्रान्सफॉर्मर लावत बसा, काऊन ती कटकट?

मध्यंतर
दुसऱ्या प्रश्नावर थोडं लांबण लावतो.

एक दिग्दर्शक ओळीने बघायचा हा विचार पटला, पण सगळे दिग्दर्शक तसे बघायचे नसतात. स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनचा ३९ सिनेमांचा एक अवाढव्य संच आहे (२०१८, ३० डिस्क). मोह होईल. नका घेऊ. बर्गमन सलग पाहिला तर घरातली माणसं एकमेकांशी बोलायची बंद होतील. 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज' (१९५७) आधी एकटा बघा. म्हातारा प्रोफेसर सन्मान स्वीकारायला मोटारीने निघतो आणि वाटेत आयुष्य आडवं येतं. तो आवडला तरच पुढे.

ओझूनंतर तुम्ही इराणी दिग्दर्शक किआरोस्तामी घ्यावा असं माझं ठाम मत आहे, कुरोसावा नव्हे. कारण तुम्हाला जे आवडलं, तेच तिथे आहे: त्याच जागी परत जाणं. 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाऊस' (१९८७) मध्ये इराणमधल्या कोकेर गावातला एक पोरगा वर्गमित्राची चुकून आपल्याकडे आलेली वही परत द्यायला पळत सुटतो. गोष्ट एवढीच. मग १९९० मध्ये त्या भागात मोठा भूकंप झाला. पुढच्या सिनेमात एक दिग्दर्शक, त्या पहिल्या सिनेमातली पोरं वाचली का हे शोधत तिथे जातो. आणि 'थ्रू द ऑलिव्ह ट्रीज' (१९९४) मध्ये त्या दुसऱ्या सिनेमाचंच चित्रीकरण चालू आहे, आणि त्यातल्या एका जोडप्यावर कॅमेरा खिळलाय. तिन्ही एकत्र क्रायटेरियनच्या एका संचात आहेत. हे तीन वेगवेगळे, मागेपुढे पाहिले तर अर्धी मजा जाते.

आणखी एक. डिस्क घेताना नाव बघून थांबू नका, लांबी बघा. बर्गमनच्या 'फॅनी अँड अलेक्झांडर'ची थिएटरमधली आवृत्ती तीन तासांच्या जरा वर, टीव्हीसाठी केलेली पाच तासांच्या वर. तारकोव्हस्कीच्या 'आंद्रेई रुब्लेव्ह'च्याही दोन आहेत, १८३ आणि २०५ मिनिटांच्या. इंग्लंडची जुनी डीव्हीडी घेतलीत तर तिथलं पाल हे टीव्हीचं तंत्र सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटी पळवतं, म्हणजे सिनेमा चार टक्के लवकर संपतो. १३६ मिनिटांची 'टोकियो स्टोरी' १३०-१३१ मध्ये. कात्री लागलेली नाही, पण आवाज किंचित चढा लागतो. कान तयार असेल तर त्रास होतो. ब्लू-रेवर सिनेमा बहुतेक २४ चौकटींचाच असतो, तिथे हा प्रश्न नाही.

आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र ताणणारा आणि हालचाल गुळगुळीत करणारा असे दोन्ही पर्याय बंद करा. ओझूची चौकट जवळजवळ चौरस आहे, दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसणारच. ते घालवायला गेलात तर सगळे नट जाडे दिसतील.

वऱ्हाडीठेचा
२००८-०९ च्या आसपास पॅलाडोर आणि एनडीटीव्ही लुमिएर अशा भारतीय कंपन्यांनी जागतिक सिनेमाच्या डीव्हीडी इथेच काढल्या होत्या, आपल्याच रीजनच्या. जुन्या दुकानांच्या तळाशी अजून सापडतात. माझ्याकडे अमरावतीहून आलेल्या काही आहेत. चित्र ब्लू-रेइतकं नाही, पण डॉलरमध्ये हिशेब नको.

चष्मेवाली
तिसऱ्या प्रश्नासाठी आले. ताई, डिस्कवर मराठी सबटायटल मी तरी पाहिलेलं नाही. पण करता येतं, आणि तुमच्यासारखी वाक्यं तोंडी सांगणारी बाई असेल तर सहज. साध्या नोटपॅडमध्ये ओळीचा क्रमांक, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, खाली वाक्य. फाइलला एसआरटी असं शेपूट लावायचं आणि जतन करताना यूटीएफ-८ निवडायचं, नाहीतर मराठीऐवजी प्रश्नचिन्हं उमटतात. डीव्हीडी लॅपटॉपवर व्हीएलसी या सिनेमा चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लावून ही फाइल वरून जोडता येते, आणि लॅपटॉप टीव्हीला. मात्र लॅपटॉपच्या ड्राइव्हचा डीव्हीडी-रीजन मोजून पाच वेळाच बदलता येतो, मग तो कायमचा अडकतो. ब्लू-रे डिस्कला व्हीएलसी सरळ हात लावत नाही, तिथे आणखी खटपट आहे. म्हणून सासूबाईंसाठी डीव्हीडीच बऱ्या.

पण खरं सांगू? त्यांना मूकपट दाखवा. एफ. डब्ल्यू. मुर्नाव नावाच्या जर्मन दिग्दर्शकाचा 'द लास्ट लाफ' (१९२४) आहे. मोठ्या हॉटेलचा रुबाबदार दरवान, म्हातारा झाला म्हणून त्याला तळघरातल्या प्रसाधनगृहात कामाला ठेवतात आणि त्याची ती झुपकेदार वर्दी काढून घेतात. मूकपटात मध्ये मध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्या यात जवळजवळ नाहीतच. माझ्या आजीला एक अक्षर सांगावं लागलं नाही. वर्दी चोरून घालून तो शेजाऱ्यांसमोर मिरवतो तेव्हा ती म्हणाली, "आपल्या तात्यांसारखं, रिटायर झाल्यावरही कोट घालून फाटकात उभे राहायचे." त्यानंतर फ्रेंच दिग्दर्शक झाक ताती. बोलपट असून बोलणं नगण्य. १९५३ चा, त्याच्या युलो या पात्राच्या सुट्टीचा सिनेमा आधी, 'प्लेटाइम' नंतर, आणि तो शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर, कारण तो ७० मिलिमीटरवर चित्रित केलाय आणि गंमत कोपऱ्या-कोपऱ्यात आहे.

किमोनोसाठी जपानी दिग्दर्शक मिझोगुची. पण त्याच्या बायकांचे फार हाल होतात, आधी तुम्ही बघा.

धागाकर्ती
@चष्मेवाली, 'द लास्ट लाफ' यादीत सगळ्यात वर टाकला. तात्यांचं वाचून दाखवलं, सासूबाईंनी लगेच आमच्याकडचे दोन तात्या सांगितले.

@मध्यंतर, बर्गमनबद्दल आमच्या ह्यांनी तुमचं विशेष आभार मानायला सांगितलंय. किआरोस्तामीचा संच भाच्याला कळवला, आणि प्लेअरच्या मागच्या लेबलचा फोटोही मागवला. @वऱ्हाडीठेचा, अमरावतीचं दुकान अजून आहे का? असेल तर व्यक्तिगत निरोपातून सांगाल का?

तर्रीबाज
ताई, एक राहिलंच. कपाट कुठे ठेवलंय? मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो म्हणून लोक डिस्क कूलरच्या खोलीत ठेवतात, तिथेच घात होतो. कूलरची ओल पुस्तिकांना आणि डब्यांना बुरशी आणते. गच्चीखालची तापणारी खोली नको, कूलरच्या झोतासमोरची भिंतही नको. आतल्या खोलीत, डबे उभे, पुस्तकासारखे. पुसायची वेळ आली तर मऊ सुती कपड्याने मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही.